कीटकनाशक सल्लागार मंडळ : सदस्यांची पात्रता व नियुक्ती

कीटकनाशके, तणनाशके, बुरशीनाशके, मूषकनाशके आणि तत्सम रसायने यांची नोंदणी, वापराच्या अटी, फेरतपासणी आणि बंदी या बाबतींत शासनाला तांत्रिक सल्ला देण्यासाठी स्थापन केलेल्या मंडळाला कीटकनाशक सल्लागार मंडळ म्हणतात. अशा मंडळावर कोण असावे, त्यांची निवड कोणी करावी, पात्रता कशी तपासावी आणि हितसंबंध कसे उघड व्हावेत, यांचे नियम देशोदेशी वेगवेगळे आहेत. त्यांच्यामागचा प्रश्न मात्र एकच आहे : जे रसायन मुळात जीव मारण्यासाठी बनवले जाते आणि उघड्या शेतात फवारले जाते, त्याच्याविषयीचा पुरावा वाचून त्याचा अर्थ लावण्याचे काम कोणावर सोपवायचे? मंडळाचा सल्ला बहुधा शासनावर बंधनकारक नसतो. तरीही विषविज्ञानाचा अभ्यास नसलेला मंत्री किंवा सचिव त्या सल्ल्यावाचून निर्णय करू शकत नाही, आणि म्हणून सदस्यांची निवड होते तेव्हाच पुढच्या अनेक निर्णयांची दिशा बरीचशी ठरून जाते.

पात्रतेचा विचार मंडळापुढे येणाऱ्या कागदपत्रांपासून सुरू करावा लागतो. एका नव्या रसायनाच्या अर्जासोबत तीव्र विषारीपणाच्या चाचण्या, उंदरांवरील दीर्घ मुदतीचे आहारप्रयोग, प्रजननावरील आणि गर्भावरील परिणाम, पिकांतील अवशेष, मातीत व पाण्यात रसायन किती काळ टिकते याची मोजमापे, मधमाश्या, मासे, पक्षी व गांडुळे यांच्यावरील चाचण्या आणि फवारणी करणाऱ्याच्या अंगावर किती मात्रा पडते याचे अंदाज, असा हजारो पानांचा पुरावा दाखल होतो. यातील बहुतेक चाचण्या अर्जदार कंपनीने स्वतःच्या खर्चाने करून घेतलेल्या असतात. प्रयोगशाळांनी कोणती शिस्त पाळावी याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. पण चाचणीत योग्य प्रश्न विचारला गेला का, प्राण्यांची संख्या पुरेशी होती का, एखादी प्रतिकूल नोंद किरकोळ ठरवून बाजूला ठेवली गेली का, हे त्या नियमांनी ठरत नाही. ते वाचणाऱ्याने ओळखावे लागते. नोंदणीपूर्वी हा सगळा पुरावा जनतेच्या वतीने वाचणारे लोक फार थोडे असतात, आणि मंडळाचे सदस्य त्यांत मोडतात.

यामुळे एकेका उमेदवाराची पदवी आणि अनुभव तपासून भागत नाही. संपूर्ण मंडळ मिळून तो पुरावा वाचू शकते का, हेही पाहावे लागते. कीटकशास्त्रज्ञ आणि कृषिविद्यावेत्ता रसायनाची उपयुक्तता सांगू शकतात, विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ अवशेष मोजण्याची पद्धत पारखू शकतो. पण प्राण्यांवरील प्रयोगातून माणसासाठी सुरक्षित मात्रा कशी काढली, हे विषवैज्ञानिकच तपासू शकतो. शेतमजुरांमध्ये एखादा आजार वाढला आहे का, हा साथरोगशास्त्राचा प्रश्न आहे. तो प्रश्न प्रयोगशाळेत वाढलेल्या तज्ज्ञाला अनेकदा अस्वस्थ करतो, कारण शेतमजुरांच्या बाबतीत मात्रा नेमकी मोजलेली नसते आणि एकाच माणसाचा अनेक रसायनांशी संबंध आलेला असतो. त्याशिवाय परिसंस्थाविज्ञान, संख्याशास्त्र, जलविज्ञान आणि व्यावसायिक आरोग्य या शाखांचे जाणकार लागतात. एखाद्या शाखेचा माणूस मंडळावर नसेल, तर त्या शाखेचा आक्षेप फेटाळला जात नाही, तो उपस्थितच होत नाही. इतिवृत्तातही त्याची खूण सापडत नाही, आणि ही उणीव बाहेरून ओळखणे सर्वांत अवघड असते.

ग्लायफोसेट या तणनाशकाच्या उदाहरणातून हे स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च 2015 मध्ये त्याची गणना ‘माणसात बहुधा कर्करोगजनक’ अशा गटात केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते कर्करोगजनक असण्याची शक्यता कमी असल्याचा निष्कर्ष काढला. पहिल्या संस्थेने प्रकाशित संशोधनावर भर देऊन रसायनाच्या अंगी घातकता आहे का, हे तपासले. नियामक संस्थांनी कंपन्यांनी सादर केलेले अभ्यासही विचारात घेतले आणि प्रत्यक्ष वापरातील मात्रेला जोखीम किती, हा प्रश्न पुढे ठेवला. कोणता पुरावा ग्राह्य धरायचा आणि कोणत्या शाखेचे म्हणणे किती वजनाचे मानायचे, हे ठरवताना वाचणाऱ्याच्या शिक्षणाचा आणि सवयीचा वाटा असतो, आणि म्हणून मंडळाची घडण हा निष्कर्षाचाच एक भाग समजावा लागतो.

नियुक्तीच्या ढोबळ मानाने तीन पद्धती दिसतात : पदसिद्ध सदस्यत्व, शासनाने केलेले नामनिर्देशन आणि खुल्या निवेदनातून केलेली निवड. बहुतेक कायदे यांचे मिश्रण करतात.

भारताचा कीटकनाशक अधिनियम, 1968 हे पदसिद्ध पद्धतीचे ठळक उदाहरण आहे. केरळमध्ये 1958 साली पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, त्या दुर्घटनेच्या चौकशीतून या कायद्याची गरज पुढे आली. त्याच्या चौथ्या कलमाने स्थापन झालेल्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाचे अध्यक्षपद आरोग्यसेवा महासंचालकांकडे दिले आहे. कृषी खात्याच्या वापरातील रसायनांच्या मंडळावर आरोग्य खात्याचा प्रमुख बसवण्यात ज्या शोकांतिकेतून कायदा जन्मला तिची जाणीव दिसते. औषध नियंत्रक, वनस्पती संरक्षण सल्लागार, कृषी संशोधन आणि वैद्यकीय संशोधन या दोन्ही परिषदांचे महासंचालक, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय, वन्यजीव, कारखाने अशा अनेक विभागांचे अधिकारी पदामुळे सदस्य होतात. त्यांच्या जोडीला केंद्र सरकार एक औषधशास्त्रज्ञ, एक वैद्यकीय विषवैज्ञानिक, एक परिसंस्थातज्ज्ञ आणि औद्योगिक आरोग्य व व्यावसायिक धोक्यांच्या एका जाणकारासह आणखी काही व्यक्ती नामनिर्देशित करते. नामनिर्देशित सदस्यांची मुदत तीन वर्षांची असून त्यांची पुन्हा निवड होऊ शकते. प्रत्यक्ष नोंदणीचे काम मात्र पाचव्या कलमाखालील नोंदणी समिती करते. तिच्यात अध्यक्ष आणि मंडळातील जास्तीत जास्त पाच सदस्य असतात. समिती बाहेरचे तज्ज्ञ सहयोजित करू शकते, पण त्यांना मताधिकार नसतो.

पदसिद्ध सदस्यत्वाचा फायदा असा की खाती एकमेकांना उत्तरदायी राहतात आणि मंडळाची मागणी थेट त्या खात्याच्या यंत्रणेपर्यंत पोचते. त्याचा तोटाही तितकाच खरा आहे. महासंचालकपदावरची व्यक्ती बदलते, तिच्या अंगावर इतर शंभर जबाबदाऱ्या असतात, आणि बैठकीला अनेकदा तिचा प्रतिनिधी येतो. कायद्याने खुर्चीला पात्र ठरवलेले असते. त्या खुर्चीत त्या दिवशी बसलेल्या व्यक्तीने फाईल वाचली आहे का, हे कायदा सांगू शकत नाही. शिवाय वीसहून अधिक सदस्यांच्या मंडळात परिसंस्थातज्ज्ञ एक आणि वैद्यकीय विषवैज्ञानिक एक, हे प्रमाण आजच्या फाईलींचा विचार करता अपुरे वाटते. ही यादी तयार झाली तेव्हा परागीभवन करणाऱ्या कीटकांवरील परिणाम किंवा अंतःस्रावी ग्रंथींवरील सूक्ष्म मात्रेचा प्रभाव हे विषय नियामकांच्या चर्चेत जवळपास नव्हते.

अमेरिकेच्या संघीय कीटकनाशक कायद्याखाली 1975 च्या दुरुस्तीनंतर जे शास्त्रीय सल्लागार पॅनेल अस्तित्वात आले, त्यात निवडीचा अधिकार आणि शिफारशीचा अधिकार वेगळे केले आहेत. पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रशासक सात सदस्य नेमतात, पण ती नावे त्यांना बारा नामनिर्देशितांच्या यादीतूनच निवडावी लागतात. त्यांपैकी सहा नावे राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि सहा राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान सुचवते. ज्याला सल्ला हवा आहे त्यानेच सल्लागार शोधू नयेत, ही साधी समजूत या रचनेत कायद्यात उतरली आहे, आणि प्रस्तुत विषयातील ती सर्वांत अनुकरणीय तरतूद म्हणावी लागेल. सात माणसांत सर्व शाखा मावत नाहीत, म्हणून 1996 च्या कायद्याने साठ शास्त्रज्ञांचे एक पूरक मंडळ जोडले, ज्यातून विषयानुसार जाणकार बोलावता येतात.

त्याच देशातील मेन राज्याच्या कीटकनाशक नियंत्रण मंडळाची रचना वेगळी आहे. गव्हर्नरने नेमलेल्या सात सदस्यांपैकी तिघांना शेती, वनव्यवसाय किंवा व्यावसायिक फवारणीतील वापराची माहिती असावी लागते, एक वैद्यकीय पार्श्वभूमीचा, एक एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा अनुभव असलेला विद्यापीठीय तज्ज्ञ आणि दोन सर्वसामान्य जनतेचे प्रतिनिधी असावेत, असे कायदा सांगतो. इथे जागांची व्याख्या पदव्यांनी न करता अनुभवाच्या क्षेत्राने केली आहे.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण वनस्पती संरक्षण उत्पादनांवरील तज्ज्ञगटासाठी खुले निवेदन काढते. कोणीही शास्त्रज्ञ अर्ज करू शकतो आणि निवडलेल्यांची हितसंबंधांची विवरणे प्रसिद्ध होतात. ही व्यवस्था आपोआप चोख झालेली नाही. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने 2012 मध्ये चार युरोपीय संस्थांची पाहणी करून त्यांपैकी एकही हितसंबंधांचा संघर्ष पुरेशा रीतीने हाताळत नसल्याचे नोंदवले, आणि त्या चारांत हे प्राधिकरणही होते. खाद्य व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या अवशेषविषयक संयुक्त बैठकीत, जी 1963 पासून भरते, तज्ज्ञ स्वतःच्या नावाने बसतात, आपल्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून नव्हे. याउलट दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम कराराच्या पुनरावलोकन समितीचे 31 सदस्य सरकारांनीच सुचवलेले असतात. 2011 मध्ये त्या कराराच्या यादीत आलेल्या एन्डोसल्फानसारख्या रसायनाबाबत, ज्या देशात उत्पादन होते त्या देशातून आलेल्या तज्ज्ञावर किती ताण येत असेल, याची कल्पना करता येते.

हितसंबंधांच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. नोंदणी मागणाऱ्या कंपनीत नोकरी, तिचे समभाग, तिच्याकडून मानधन किंवा संशोधननिधी, तिच्या बाजूने न्यायालयात दिलेली साक्ष, हे सगळे उघड करावे आणि त्यांतील प्रत्यक्ष आर्थिक संबंध अपात्रतेचे कारण मानावेत, याविषयी फारसे दुमत नाही. पण अपात्रतेचे हत्यार उलटेही वापरले जाऊ शकते. 2016 मध्ये ग्लायफोसेटवरील अमेरिकी पॅनेलच्या बैठकीपूर्वी उद्योगसंघटनेने एका साथरोगतज्ज्ञाच्या निःपक्षपातीपणावर आक्षेप घेतला. ऑक्टोबरची बैठक डिसेंबरवर गेली आणि त्या तज्ज्ञाला वगळण्यात आले. पुढच्याच वर्षी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रशासकांनी असा आदेश काढला की संस्थेकडून संशोधन अनुदान घेणाऱ्या शास्त्रज्ञाने तिच्या सल्लागार समित्यांवर बसू नये. सार्वजनिक निधीवर काम करणारे विद्यापीठीय संशोधक त्यामुळे बाहेर पडले, आणि उद्योगाकडून पैसे घेणाऱ्यांना तो नियम लागू नव्हता. 2020 मध्ये हा आदेश न्यायालयात टिकला नाही. सार्वजनिक अनुदान आणि अर्जदाराचे मानधन यांना एकाच तराजूत घालणे चुकीचे आहे, कारण अर्जदाराला निकालातून नफा होतो आणि अनुदान देणाऱ्या जनतेला त्याच निकालाचे परिणाम सोसावे लागतात.

फवारणी करणारे मजूर, शेतकरी आणि मधमाशीपालक यांना मंडळावर जागा द्यावी का, यावर मतभेद आहेत. त्यांचे हितसंबंध उघड आहेत हे खरे. पण लेबलवर छापलेले संरक्षक कपडे उन्हाच्या तडाख्यात अंगावर राहतात का, डबा उघडताना हातावर काय सांडते, दोन औषधे एकाच टाकीत मिसळली जातात का, याची माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते. सुरक्षिततेचा अंदाज ज्या वापरपद्धतीवर बेतलेला असतो ती प्रत्यक्षात पाळली जात नसेल, तर तो अंदाज कागदावरच राहतो. अशा सदस्यांना मतदानाचा अधिकार द्यावा की केवळ निवेदनाचा, हे प्रत्येक कायद्याने आपापल्या परीने ठरवले आहे.

नियुक्तीच्या चर्चेत रिकाम्या जागांकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जागा रिक्त असल्याच्या कारणावरून मंडळाचे कामकाज अवैध ठरू नये, अशी तरतूद बहुतेक कायद्यांत असते, भारताच्या अधिनियमातही आहे, आणि कामकाज ठप्प होऊ नये म्हणून ती आवश्यकही आहे. मात्र जिथे एका शाखेला एकच जागा आहे तिथे ती जागा रिकामी राहिली, तर मंडळ कायद्याने पूर्ण असते आणि त्या शाखेपुरते वाचकहीन असते. गणसंख्या मोजताना माणसे मोजली जातात, विद्याशाखा मोजल्या जात नाहीत. अमेरिकी पॅनेलच्या कायद्यात यावर उपाय आहे. तिथे सदस्यांच्या मुदती एकाच वेळी संपू नयेत म्हणून त्या टप्प्याटप्प्याने ठेवल्या आहेत, रिक्त जागेसाठी दोन्ही संस्थांनी प्रत्येकी दोन नावे सुचवायची असतात, आणि नवा सदस्य येईपर्यंत जुन्या सदस्याची मुदत वाढवण्याचा अधिकार प्रशासकांना दिलेला आहे.