चार सुतांचा बोल्ट आणि पाच अंशांचा वाद

हार्डवेअरच्या दुकानात ‘चार सूत बोल्ट’ मागितला की अर्ध्या इंचाचा बोल्ट पुढे येतो. आठ सूत म्हणजे एक इंच, हा हिशेब गवंड्यापासून फिटरपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतो. सळईच्या बाबतीत चार सूत म्हणजे आता सरळ १२ मिलिमीटर धरतात. खरा अर्धा इंच १२.७ मिलिमीटरचा, पण काँक्रीटमध्ये तेवढ्याने बिघडत नाही. बोल्टमध्ये मात्र बिघडते. बोल्टला जाडीखेरीज आणखी दोन मापे असतात, एक पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर आणि दुसरा आट्याचा कोन, म्हणजे आट्याच्या दोन उतरत्या बाजूंमधला कोन. ‘चार सूत’ म्हणताना या दोन्हींचा उल्लेखच होत नाही. त्यामुळे त्या एका नावाखाली तीन निरनिराळे बोल्ट नांदतात: इंचाला १२ आटे असलेला, इंचाला १३ आटे असलेला, आणि १.७५ मिलिमीटर पिचचा एम-१२, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा मेट्रिक बोल्ट. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे चढतो आणि अडकतो. मग कोणीतरी पाना लावून जोर करतो आणि आटे जातात.

आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. एम-१२ बोल्टमध्ये हा चढ जेमतेम तीन अंशांचा असतो. इतक्या कमी उतारावरून नट आपोआप घसरत नाही, घर्षण त्याला धरून ठेवते. मळसूत्राने पाणी उपसणे किंवा दाब देणे दोन हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होते. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसावा, ही अपेक्षा मात्र जेमतेम दोनशे वर्षांची आहे. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये अचूक आटे कापणारा लेथ तयार झाला आणि त्यानंतरच तिला अर्थ आला. त्याआधी प्रत्येक नट आपापल्या बोल्टसोबत खूण करून ठेवावा लागे.

१८४१ मध्ये मँचेस्टरच्या एका यंत्रनिर्मात्याने लंडनच्या अभियंत्यांपुढे प्रस्ताव मांडला. त्याने देशभरातल्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरी काढली. कोन ५५ अंश निघाला. आट्याचा माथा आणि तळ दोन्ही गोल करायचे ठरले. कोणत्या जाडीला इंचात किती आटे, याचे कोष्टकही त्याने दिले. पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, एका इंचाला ८. फिटर ज्याला बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) म्हणतात ते हेच, त्यातला डब्ल्यू म्हणजे त्या गृहस्थाचे आडनाव. त्याच्या पान्यांवर तोंडाचे नाही, बोल्टच्या जाडीचे माप कोरलेले असे. त्यामुळे ‘अर्ध्या इंचाचा पाना’ प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून बराच रुंद निघतो, आणि नवशिक्या हमखास गोंधळतो.

सगळी गुंतागुंत सुरू झाली १८६४ मध्ये, फिलाडेल्फियात. तिथल्या एका यंत्रनिर्मात्याने ५५ अंश नाकारून ६० अंश सुचवले आणि गोल माथ्या-तळाऐवजी सपाट. त्याचे म्हणणे साधे होते. ६० अंशांचा कोन म्हणजे समभुज त्रिकोण, तो कोणताही कारागीर आखू आणि तपासू शकतो. ५५ अंश नुसत्या पट्टी-कंपासने आखता येत नाहीत. गोलाई नेमकी आणायची तर खास घडवलेली हत्यारे लागतात, ती लहान कारखान्याला परवडत नाहीत. सपाट माथा साध्या टूलने निघतो.

या वादात मला अमेरिकन बाजू पटते, पण पूर्ण नाही. कोनाबद्दल ती बरोबर होती. ६० अंशांच्या आट्यात घर्षण ५५ पेक्षा दोन-अडीच टक्के जास्त भरते आणि नटावर बाहेरच्या दिशेने येणारा ताणही थोडा वाढतो, पण रोजच्या कामात हे जाणवतही नाही. तळाबद्दल मात्र ब्रिटिश बाजूच शहाणी होती. धारदार कोपऱ्यात ताण एकवटतो, आणि सतत हादरे खाणारा बोल्ट तिथूनच तुटतो. गोल तळाला हा धोका बराच कमी. विमानाच्या बोल्टना आज तळाची गोलाई सक्तीची असते, म्हणजे शतकभराने तो मुद्दा मान्य झालाच.

अर्ध्या इंचाला १३ आटे देण्याचा निर्णय मला आजही खटकतो. पाव इंच, तीन अष्टमांश, पाऊण इंच, एक इंच, या सगळ्या मापांना अमेरिकन कोष्टकात इंचाला तेवढेच आटे आहेत जेवढे ब्रिटिश कोष्टकात. तिथे कोन वेगळा असूनही नट कसाबसा चढतो. नेहमीच्या वापरातल्या या मापातच एक आटा वाढवला, आणि दोन्ही देशांचे नट कायमचे परके झाले.

याची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. ब्रिटिश बनावटीचे विमानाचे इंजिन अमेरिकेत तयार करायचे ठरले तेव्हा तिथल्या कारखान्याला ब्रिटिश आट्यांचे टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारे, स्वतः घडवावे लागले. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. कोन ६० अंश राहिला, तळाशी गोलाई आली, आणि अर्ध्या इंचाला १३ च. मेट्रिक आट्यांनीही ६० अंशच धरले. १९६५ मध्ये खुद्द ब्रिटनने आपल्या उद्योगांना जुने आटे सोडून मेट्रिककडे वळायला सांगितले.

आपल्याकडे आटे आले ते रेल्वे आणि कापडगिरण्यांबरोबर. मुंबईच्या गिरण्यांची बरीचशी यंत्रे लँकेशायरची, म्हणजे मँचेस्टरच्याच परिसरातली. तिथला ५५ अंशांचा आटा इथल्या फिटर-टर्नरच्या हातात बसला. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि कागदावर इंच मागे पडला. पण यंत्र पन्नास-पन्नास वर्षे चालते, आणि त्याला लागणारा बोल्ट त्याच्या जन्माचा असावा लागतो. जुन्या लेथच्या दुरुस्तीला आजही इंचाला १२ आट्यांचाच टॅप शोधावा लागतो.

५५ अंश पूर्ण गेले असे समजू नका. घरातल्या नळाचे आटे अजून त्याच कोनाचे आहेत. ‘अर्धा इंची’ नळाच्या आट्याची बाहेरची जाडी जवळजवळ २१ मिलिमीटर असते, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त. हे नाव जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडले, पुढे पाइप बदलले, नाव राहिले. जगातल्या बहुतेक देशांनी हा पाइपचा आटा जसाच्या तसा उचलला. अमेरिकेने नाही. तिथल्या अर्धा इंची पाइपलाही इंचाला १४ आटे, आपल्यासारखेच, पण कोन ६० अंश. म्हणून तिकडून आणलेली फिटिंग आपल्या नळाला सुरुवातीला छान चढते, पाना लावला की घट्टही वाटते, आणि टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी झिरपत राहते. अशा वेळी नळ जास्त आवळू नये. पिच गेज म्हणजे आटे तपासायच्या दातेरी पात्यांचा संच, त्यातली ५५ अंशांची, इंचाला १४ आट्यांची पाती आट्यांवर टेकवून ती उजेडासमोर धरावी. पाती आणि आट्यांमधून उजेड दिसला, तर आटा वेगळा आहे.