पुष्कराज व धुरकट क्वार्ट्झ : स्फटिकसंग्रह

ग्रॅनाइटाशी निगडित पेग्मटाइटाच्या (फार मोठ्या स्फटिकांच्या अग्निज खडकाच्या) पोकळ्यांतून पुष्कराज (टोपॅझ) व धुरकट क्वार्ट्झ (तपकिरी-करडी गार) हे दोन स्फटिक शोधून, अखंड सोडवून जतन करण्याचा छंद. ठाणे-नवी मुंबईच्या संग्राहकाला तो घराजवळ करता येत नाही. पारसिक आणि येऊरचे डोंगर दख्खनच्या बेसाल्टचे. त्यात पुष्कराज मिळणार नाही, कितीही ठोका. पेग्मटाइट पाहायचा तर विदर्भातल्या किंवा दक्षिण कोकणातल्या जुन्या खडकांकडे वळावे लागते, आणि तिथेही दर पेग्मटाइटात पुष्कराज असतोच असे नाही.

ग्रॅनाइटी शिलारस थिजत आला की उरलेल्या भागात पाणी आणि फ्लोरीन साचतात. त्यामुळे स्फटिक मोठे वाढतात आणि मधे रिकाम्या जागा राहिल्या तर त्यांना टोकेही येतात. पुष्कराज हे फ्लोरीनयुक्त ॲल्युमिनियम सिलिकेट. क्वार्ट्झचा धुरकट रंग काजळीचा नव्हे: सिलिकॉनच्या जागी शिरलेले थोडे ॲल्युमिनियम आणि आसपासच्या खडकाचा नैसर्गिक किरणोत्सर्ग यांनी तो येतो, नि तापवल्यावर उडतो. अमेरिकेतील कोलोरॅडोचा पाइक्स पीक परिसर या जोडीसाठी प्रसिद्ध आहे.

पोकळी बहुधा लालसर चिकणमातीने भरलेली असते. इथे हातोडा बाजूला ठेवून लाकडी काडीने माती उकरावी. पुष्कराजाची कठिनता मोस मापनश्रेणीत (१ ते १०) ८, तरी एका आडव्या पातळीत तो सहज दुभंगतो. घाईने ओढला की तळाशी आरशासारखा सपाट तुकडा पडतो आणि नमुन्याची किंमत जाते. मातीने माखलेले दोन्ही स्फटिक सारखेच दिसतात. धुतल्यावर प्रिझमच्या (स्फटिकाच्या उभ्या दांड्याच्या) बाजूंवरच्या रेषा पाहाव्यात: पुष्कराजावर उभ्या, क्वार्ट्झवर आडव्या. सारख्या आकाराचा पुष्कराज हाताला साधारण एक तृतीयांश जड लागतो (विशिष्ट गुरुत्व सुमारे ३·५, क्वार्ट्झचे २·६५). काही तपकिरी पुष्कराज उन्हात फिके पडतात, म्हणून खिडकीशी मांडू नयेत.

विकत घेताना शाईसारख्या काळ्या, बुडाशी पांढऱ्या स्फटिकाबद्दल शंका घ्यावी. पारदर्शक क्वार्ट्झवर कृत्रिम किरणांचा मारा करून असा माल तयार होतो. नवी मुंबईच्या खाणीतला पुष्कराज म्हणून कोणी काही दाखवले तर विचारच करू नये. इथल्या बेसाल्टच्या वायुपोकळ्यांत सापडण्याजोगे म्हणजे कॅल्साइट, क्वार्ट्झ आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखी झिओलाइटे (पाणी धरून ठेवणारी सिलिकेट खनिजे). ती मऊ नि ठिसूळ, तेव्हा वर सांगितलेली लाकडी काडी इथेही चालते. खाणीत शिरण्याआधी परवानगी मात्र घ्यावी, आणि पावसाळ्यात कड्याखाली उभे राहू नये.