जागा चुकली की समुद्र दाद देत नाही

कांदळ या खारफुटीच्या झाडाचं रोप लावणं फार सोपं असतं. या झाडाचं बी झाडावरच रुजतं आणि शेंगेसारखी लांब, टोकदार कांडी खाली गळते. ती उचलायची, टोकाकडून चिखलात खोचायची, की झालं. दहा माणसं एका ओहोटीत हजारो रोपं लावू शकतात. फिलिपिन्समधल्या विसायास बेटांवर अशी लागवड वर्षानुवर्षं झाली. नंतर मोजदाद केली तेव्हा जगलेली रोपं जेमतेम १० ते २० टक्के निघाली. रोपांत दोष नव्हता, माणसांनी कष्टही घेतले होते. जागा चुकली होती.

खारफुटी नैसर्गिकरीत्या भरतीच्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात वाढते, साधारण सरासरी समुद्रपातळीच्या वर. एकूण वेळेच्या ३० टक्क्यांहून कमी काळ ती पाण्यात असते. उरलेल्या वेळात तिची मुळं हवा घेतात. पण नेमक्या याच पट्ट्यात कोळंबीची तळी झालेली असतात आणि तळ्यांना मालक असतात. त्यामुळे लागवड सरकते खाली, ओहोटीतच उघड्या पडणाऱ्या चिखलावर. त्या चिखलावर कुणाचा दावा नसतो. तिथे रोपं बराच वेळ बुडून राहतात आणि लाटांनी हलतात. होडीच्या तळाला चिकटतात तसे बार्नेकल, म्हणजे कडक कवचाचे छोटे समुद्री जीव, त्यांच्या देठावर थरावर थर बसतात आणि त्या ओझ्याने रोप आडवं होतं. शिवाय समुद्राच्या तोंडाशी निसर्गात तिवर आणि चिपी या खारफुटीच्या जाती असतात. कांदळ त्यांच्या मागे, खाडीच्या काठाने. म्हणजे जागेबरोबर जातही चुकलेली असते. त्या लागवडीखाली समुद्री गवत गाडलं गेलं तर नुकसान दुहेरी.

उपाय लागवडीच्या आधी सुरू होतो. जवळची जुनी, निरोगी खारफुटी शोधायची आणि ती नेमक्या किती उंचीवर उभी आहे ते मोजायचं. महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. नळीचं एक टोक जुन्या झाडांच्या बुंध्याशी आणि दुसरं नव्या जागेवर धरायचं, दोन्हीकडच्या पाण्याच्या रेषेपासून जमीन किती खाली आहे ते मोजायचं. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने पुढे जायचं. नवी जागा दोन वीत खाली निघाली, तर तिथे रोप लावणं म्हणजे ते बुडवणं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप फसतं, म्हणून आधी ती नीट भरून घ्यावी.

मग विचारायचं, की जागा योग्य आहे तर तिथे झाडं आपोआप का आली नाहीत? सोडून दिलेल्या कोळंबी तळ्यात उत्तर बहुतेक वेळा बांधात असतं. भरतीचं पाणी आत येत नाही, म्हणून बीही येत नाही. बांध फोडावा तो जुनी खाडी जिथून आत यायची तिथेच; जुन्या नकाशात किंवा हवाई छायाचित्रात ती वाट दिसते. सोयीच्या कोपऱ्यात फोडला तर पाणी आत साचून राहतं. आणखी एक धोका मातीत असतो. खारफुटीच्या चिखलात पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. तळं खोदताना ते हवेला उघडं पडतं आणि त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. अशी माती भरतीच्या पाण्याने धुतली जाईपर्यंत थांबावं लागतं. पाणी नियमित खेळू लागलं आणि आसपास मोठी झाडं असली तर बी वाहत येतं आणि स्वतःहून रुजतं. ते येतच नसेल तरच रोपं लावावीत.

इंडोनेशियात जावाच्या उत्तर किनाऱ्यावर देमाक इथे खचलेला चिखल परत साठावा म्हणून बांबू आणि फांद्यांचे झिरपते बांध घातले गेले. भरतीचं गढूळ पाणी त्यातून आत जातं आणि आतल्या शांत पाण्यात गाळ खाली बसतो. कल्पना उत्तम आहे. पण त्या पट्ट्यात भूजलाच्या उपशामुळे जमीनच खचते आहे, आणि तो उपसा थांबल्याशिवाय बांध पुरे पडत नाहीत.

मासेमारीबंदीच्या पट्ट्यांचंही असंच होतं. जिथे कुणी जाळं टाकतच नाही ती जागा राखीव करायची, म्हणजे वाद होत नाही आणि नकाशावरचे हेक्टर वाढतात. माशांना त्याचा उपयोग शून्य. फिलिपिन्समध्येच सुमिलोन बेटावर १९७४ साली साधारण पाव भाग प्रवाळखडक बंद झाला, आणि तो मासे असलेला भाग होता. १९८४मध्ये हे संरक्षण मोडलं आणि मासेमारीचं क्षेत्र वाढलं. जास्त जागा मिळूनही पुढच्या काही वर्षांत एकूण पकड जवळपास निम्म्यावर आली. बंद पट्टाच बाहेरच्या जाळ्यांना मासे पुरवत होता.

यामागचं गणित मोठ्या मादीचं आहे. रेड स्नॅपर या तांबड्या माशाची ६१ सेंमी लांबीची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढ्यासाठी ४२ सेंमीच्या २१२ माद्या लागतात. जाळ्याची आस, म्हणजे भोकांचं माप, कितीही नेमकी ठेवली तरी मोठी मादी त्यातून सुटत नाही. तिला वाचवायला जागाच लागते. काही जातींना ती जागा वर्षातले थोडेच दिवस हवी असते. नासाऊ ग्रूपर हे मोठे मासे हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास ठरलेल्या ठिकाणी अंडी घालायला जमतात आणि तिथेच सहज, ढिगाने पकडले जातात. कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांत २००३ साली अशा जागांवर बंदी आली. लिटल केमनजवळची जेमतेम हजारभर माशांची संख्या २०१८पर्यंत सात हजारांच्या आसपास पोचली. त्यासाठी अख्खा समुद्र बंद करावा लागला नाही.

सापळ्यांमध्येही थोड्याशा बदलाने खूप साधतं. कुरासाओ या कॅरिबियन बेटावर माशांच्या सापळ्याला २.५ सेंमी रुंदीची उभी फट ठेवून पाहिली. नको असलेले अरुंद मासे आणि पिल्लं त्यातून निसटली आणि वाया जाणारी पकड सुमारे तीन चतुर्थांशाने घटली. विक्रीच्या माशांचं मूल्य मात्र फारसं कमी झालं नाही.

सर्वात अवघड निदान प्रवाळावर वाढणाऱ्या शैवालाचं. दिसायला रोग एकच, कारणं निराळी. जमैकात शैवाल खाणारे मासे आधीच बेसुमार पकडले गेले होते आणि चरण्याचं सगळं काम सी अर्चिन या लांब काट्यांच्या गोल समुद्री जीवावर येऊन पडलं होतं. १९८३मध्ये साथ आली, ९० टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले आणि खडक शैवालाने भरला. १९७०च्या दशकात निम्म्याच्या आसपास असलेलं जिवंत प्रवाळ १९९०च्या दशकात पाच टक्क्यांखाली गेलं. हवाईतल्या कानेओहे उपसागरात दोष सांडपाण्याचा होता. १९७७-७८मध्ये त्याचं तोंड खोल समुद्राकडे वळवल्यावर फुग्यांसारखं हिरवं शैवाल घटत गेलं. जमैकात फक्त नळ वळवून काही साधलं नसतं आणि कानेओहेत फक्त मासेमारी बंद करून.

कारण ओळखायची एक साधी कसोटी आहे. एकाच खोलीवर दोन खडबडीत फरश्या ठेवायच्या, एक उघडी आणि एक जाळीच्या पिंजऱ्यात. काही आठवड्यांनी पिंजऱ्यातली शैवालाने झाकली गेली आणि उघडी स्वच्छ राहिली, तर चरणारे मासे पुरेसे आहेत. दोन्ही झाकल्या गेल्या तर ते कमी पडत आहेत, किंवा पाण्यातलं खत त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं आहे. मग नायट्रेट-फॉस्फेट मोजायचे आणि खाडीच्या तोंडापासून दूर जाताना शैवाल घटतं का ते पाहायचं. जाळीवरचं शैवाल दर आठवड्याला घासून काढावं, नाहीतर आत सावली पडते आणि निष्कर्ष उलटा निघतो.

पाण्याची उष्णता कुठल्याही गावाच्या हातात नाही. सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा १ अंश जास्त तापमान चार आठवडे टिकलं की प्रवाळ पांढरं पडू लागतं. आठ आठवड्यांत मोठ्या प्रमाणावर मरू लागतं. उपग्रहांवरून याची सूचना आधी मिळते. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, आणि त्या आठवड्यांत त्याच्यावर दुसरा कुठलाही ताण येऊ द्यायचा नसतो: गाळ उपसणं थांबवायचं, प्रवाळाचे तुकडे हलवायचे नाहीत, पोपटमासे पकडायचे नाहीत. बेलिझने २००९पासून पोपटमाशांच्या पकडीवर कायमची बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे. कारण मेलेल्या सांगाड्यावरचं शैवाल हे मासे खरवडत राहिले तरच प्रवाळाच्या नव्या अळ्यांना बसायला कोरी जागा मिळते. खोलातलं थंड पाणी वर येणाऱ्या किंवा प्रवाह जोरात असणाऱ्या जागांवर प्रवाळ जास्त टिकतं. बंद पट्टे आखताना अशा जागा पहिल्यांदा धराव्यात आणि तिथे नांगर टाकायची वेळच येऊ नये म्हणून होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये बसवावेत.