एकच बल्ब, शेवंतीची कळी थांबवतो आणि ड्रॅगनला कळी आणतो

नमस्कार,

दुकानात रोज दोन तऱ्हेचे शेतकरी येतात. शेवंतीवाले म्हणतात, "कळी लवकर लागू नये असा बल्ब द्या." ड्रॅगन फ्रूटवाले म्हणतात, "कळी लागेल असा द्या." आम्ही दोघांनाही एकाच खोक्यातला बल्ब काढून देतो, आणि दोघेही आमच्याकडे संशयानं बघतात. म्हणून हा कागद छापला.

झाडाला उजेड दोन कामांना लागतो. एक पोटाला, दुसरा वेळ कळायला. पोटाचा उजेड सूर्याचा. भर दुपारी रानात लाखाच्या आसपास लक्स (उजेडाचं माप) असतात, ट्यूबलाइटच्या खोलीत 300-400. दिव्यावर एकरभर पीक पोसायला निघालात तर फुलांच्या पैशात वीजबिल भागणार नाही. जांभळ्या उजेडाच्या 'ग्रो लाइट' पट्ट्या टिश्यू कल्चरच्या खोलीत किंवा रोपांच्या रॅकवर कामाच्या, कारण तिथं ऊन पोचतच नाही. उघड्या रानासाठी मागितल्या तर आम्ही विकत नाही.

वेळ कळायला मात्र चिमूटभर उजेड पुरतो. फूल येणं दिवसाच्या लांबीवर ठरतं, हे 1920 मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवलं. पुढं कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं. पानात फायटोक्रोम नावाचं द्रव्य असतं. तांबड्या उजेडानं ते एका रूपात जातं, अंधारात हळूहळू परत फिरतं. मध्यरात्री दिवा लागला की मोजणी मोडते आणि एका लांब रात्रीच्या दोन लहान रात्री होतात. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकीचं रान पिवळं पडलं तरी हिरवंच उभं राहतं, ते यामुळेच.

शेवंतीला लांब रात्र मिळाली की ती कळी धरते. बहुतेक जातींची हद्द साडेतेरा तासांच्या दिवसाच्या आसपास आहे. पुण्याकडं 21 जूनचा सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आतबाहेर. म्हणजे आपल्याकडं शेवंतीला कळीची घाई बाराही महिने. रोप लावलं आणि दिवा नसला तर दांडी वीतभर असतानाच कळी दिसते, आणि तसला माल कट फ्लॉवरच्या बाजारात कोणी विचारत नाही. म्हणून लागणीपासून 3 ते 5 आठवडे, दांडी हवी तेवढी होईपर्यंत, रात्री 10 ते 2 दिवा ठेवायचा.

आता बल्ब कुठला? जुना पिवळा बल्ब काम चोख करायचा, पण खाल्लेली बहुतेक वीज उष्णतेत घालवायचा. सीएफएलही चालला. आज 9 वॅटचा एलईडी घ्या, पण पिवळसर उजेडाचा. पांढराशुभ्र निळसर एलईडी डोळ्याला जास्त लख्ख वाटतो, तरी त्यात तांबडा भाग कमी असतो. झाडाला नेमका तोच लागतो.

शेंड्यावर 70 ते 100 लक्स मिळाले की झालं. 10 गुंठ्याला आम्ही साधारण 100 बल्ब धरतो: 900 वॅट, चार तासांचे 3.6 युनिट. कोपऱ्यात अंधार राहिला तर तिथली झाडं आधी कळी धरतील आणि प्लॉट मागंपुढं होईल. शेतीच्या थ्री फेजवर भरवसा ठेवू नका, वीज यायची पाळी बदलली की रात्र बिनदिव्याची जाते. टायमरला बॅटरी असलेलाच घ्या, नाहीतर वीज गेली की त्याचं घड्याळ मागं पडतं. पॉलिहाऊसमध्ये ओल असते, तेव्हा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंगवर घासाघीस करू नका.

ड्रॅगनचं उलटं. त्याला लहान रात्र हवी. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळाभर तो आपणहून फुलतो, दिवस लहान झाला की थांबतो. तेव्हा मध्यरात्री चार तास दिवा दिला तर बिगरहंगामी बहार धरता येतो. कळी दिसायला किमान दोन-तीन आठवडे जातात, कडाक्याच्या थंडीत त्याहून जास्त, आणि कधी दिसतही नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: दिवा कळी आणतो, फळ पोसत नाही. खांबावरच्या रिंगवर नुकत्याच आलेल्या कोवळ्या फांद्यांवर किंवा एका बहारानं दमलेल्या बागेवर तो लावू नका. आमची विक्री झाली नाही तरी चालेल.

शेवंती आणि ड्रॅगन शेजारी असतील तर एकाचा उजेड दुसऱ्यावर पडू देऊ नका. मध्ये काळं कापड लावा. बांधापलीकडच्या शेजाऱ्यालाही आधी सांगा.

शेवंतीत दिवा लावण्यापेक्षा तो बंद करायची तारीख मोलाची. बंद केल्यापासून जातीनुसार 7 ते 10 आठवड्यांनी फूल येतं, म्हणून बाजाराच्या दिवसापासून उलटं मोजायचं. बल्ब न्यायला याल तेव्हा लागणीची तारीख, जातीचं नाव आणि कुठला सण धरायचा आहे ते सांगा. बंद करायची तारीख आम्ही बिलाच्या मागं लिहून देतो.