कॉलेज आइस हॉकीचं यजमानपद: अर्ज कोण करतं, कागद काय लागतात आणि मेख कुठे आहे

आपल्याकडे हॉकी म्हटलं की टर्फ आठवतं. इथे विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे, तोही अमेरिकन कॉलेजांच्या. मिनेसोटा-मिशिगनकडे शिकायला गेलेल्या भाच्या-पुतण्याने मार्चमध्ये ‘आमच्या टीमला समोरच्या टीमच्या गावात का खेळवतात?’ अशी कुरकुर केली, तर तिचं उत्तर बहुधा काही वर्षांपूर्वी भरलेल्या एका अर्जात सापडतं.

एनसीएए म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संघटना. तिच्या पहिल्या श्रेणीतल्या पुरुषांच्या स्पर्धेत २००३ पासून १६ संघ असतात. चार-चार संघांचे चार विभाग, प्रत्येक विभागाचे सगळे सामने एकाच गावी. एक सामना हरला की घरी. चारही विभागांचे विजेते ‘फ्रोझन फोर’ला, म्हणजे उपांत्य आणि अंतिम फेरीला जातात. त्याच्या यजमानपदाचा अर्ज वेगळा असतो, तो इथे बाजूला ठेवू.

विभागीय सामन्यांसाठी नुसता रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा मालक अर्ज करू शकत नाही. यजमान म्हणून एनसीएएचं सदस्य कॉलेज किंवा कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट लागतो. शहराचं क्रीडा मंडळ सोबत असलं तर अर्जाला वजन येतं. रिंक कॉलेजच्याच गावात हवं असंही नाही. फार्गो शहरातल्या शील्स अरेना या रिंकचं यजमानपद नॉर्थ डकोटा विद्यापीठाकडे असतं आणि ते विद्यापीठ तिथून सुमारे १३० किलोमीटरवर ग्रँड फोर्क्सला आहे. पेनसिल्व्हेनियातल्या अॅलनटाउनच्या पीपीएल सेंटर या रिंकचं यजमान पेन स्टेट, म्हणजे त्याच राज्यातलं विद्यापीठ, तेही गाडीने साधारण तीन तासांवर.

अर्ज दरवर्षी निघत नाहीत, काही हंगामांचे एकदम मागवतात. २०२२-२३ ते २०२५-२६ या चार हंगामांची ठिकाणं ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झाली, पुढच्या दोन हंगामांची ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणजे ठिकाण ठरतं तेव्हा तिथे खेळणारी बरीच मुलं अजून शाळेत असतात.

अर्ज ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. त्याला जोडायचं अंदाजपत्रक: रिंकचं भाडं, कर्मचारी, सुरक्षा, तिकिटांचे दर. संघांसाठी खोल्या राखून ठेवल्याची हॉटेलांची लेखी हमी हवी. २०१६ पासून एक प्रश्नावलीही आली. शहरात भेदभावाविरुद्ध काय नियम आहेत, ते तिच्यात सांगावं लागतं.

पण घाम काढणारा कागद म्हणजे रिंकचं संमतिपत्र. पीपीएल सेंटर हे लीहाय व्हॅली फँटम्स या व्यावसायिक संघाचं घर, आणि मार्चअखेर त्यांचाही हंगाम जोरात असतो. तारखा कॉलेजांना दिल्या की फँटम्सना त्या दिवसांत बाहेरगावी खेळायला पाठवणं आलं. पहिल्या दिवशी दोन सामने, म्हणून चार संघांना चार ड्रेसिंग रूम. रिंकवरच्या नेहमीच्या जाहिराती झाकायच्या, कारण एनसीएएला आपल्या प्रायोजकांखेरीज कोणाचं नाव दिसलेलं चालत नाही. व्यवस्थापक हे सगळं ऐकून घेतो आणि मगच सही करतो.

आता मेख. यजमान कॉलेजचा संघ स्पर्धेला पात्र ठरला, तर त्याला त्याच्याच विभागात खेळवतात. कागदावर तटस्थ असलेलं ठिकाण मग तितकंसं तटस्थ राहत नाही. २००८ मध्ये विस्कॉन्सिनचे जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते, तरी संघ पात्र ठरला आणि मॅडिसनच्या कोल सेंटरमध्ये, म्हणजे स्वतःच्या घरच्या बर्फावर उतरला. डेन्व्हरला हरवलं, पुढे नॉर्थ डकोटाकडून जादा वेळेत हरला, एवढंच. २०२५ मध्ये पेन स्टेट अॅलनटाउनच्या विभागात सर्वांत खालच्या मानांकनावर होतं. त्यांनी विभागातल्या अव्वल मानांकित मेन विद्यापीठाला ५-१ ने हरवलं, मग कनेक्टिकट विद्यापीठाला जादा वेळेत, आणि थेट फ्रोझन फोर गाठलं. पेन स्टेट चांगलंच खेळलं, पण हंगामभर कमावलेल्या वरच्या मानांकनाचं मेनला काय मिळालं? यजमानांच्या राज्यात, यजमानांच्या प्रेक्षकांसमोर सामना.

नियम अगदीच निराधार नाही. यजमान संघ नसेल तर तिकिटं कोण घेणार? रिकाम्या खुर्च्या टीव्हीवरही दिसतात.

महिलांच्या स्पर्धेत, जी २०२२ पासून ११ संघांची आहे, सुरुवातीचे सामने वरच्या मानांकनाच्या कॉलेजांच्या रिंकवरच होतात. १९९२ च्या आधी पुरुषांचंही तसंच होतं. मला ती पद्धत जास्त सरळ वाटते. घरचं बर्फ त्या हंगामात कमवायचं असतं, जुन्या अर्जाच्या पुण्याईवर मिळत नाही. तोटा असा की ठिकाण आयत्या वेळी कळतं आणि हॉटेल-प्रवासाची सगळी धावपळ त्या आठवड्यात.

तिकीट आधीच काढायचं असेल तर संघांची यादी लागण्यापूर्वी चारही विभागांच्या यजमानांची नावं पाहून ठेवा. आपलं कॉलेज त्यात असेल आणि पात्र ठरणार असेल, तर गाव पक्कं. बाकीच्यांनी हॉटेल रद्द करता येईल असंच बुक करावं.