टू-स्ट्रोक स्कूटरचा पाइप: कोल्हापुरातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कायनेटिक होंडा, चेतक, एलएमएल, सनी किंवा पहिली स्कूटी अजून चालू ठेवलेल्या मंडळींत पाइपाचा, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टचा, विषय निघाला, की बोलणं फिरून एकाच ठिकाणी अडतं. दोन पाइप ताडून बघायचे तर बाकी गाडीला हात न लावता बघायचे, की प्रत्येक पाइपाला जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) आणि रोलर (बिनगिअरच्या गाडीच्या व्हेरिएटरमधली वजनं) जुळवून घेऊन मग बघायचे? वरवर हा गॅरेजमधला किरकोळ प्रश्न. पण कुठला पाइप ‘चालतो’ आणि कुठला ‘बोगस’, याबद्दलची बरीचशी मतं या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहेत. आणि माझं स्पष्ट मत असं, की त्यातली पुष्कळशी चुकीच्या चाचणीतून आली आहेत.

पाइपाचं गणित बसलं ते १९५०च्या दशकात, पूर्व जर्मनीतल्या एका मोटारसायकल कारखान्याच्या रेसिंग विभागात. सिलिंडरचं धूर बाहेर सोडणारं तोंड, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, उघडला की दाबाची लाट पाइपातून धावते. पाइप रुंदावतो तिथून ती ओढ घेऊन परतते आणि सिलिंडर साफ करते. पुढं पाइप निमुळता होतो तिथून ती दाब घेऊन परतते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट मिटायच्या आत परत ढकलते. १९६१ पर्यंत त्या विभागानं १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली होती. त्याच वर्षी त्यांचा एक रायडर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळाला आणि हे ज्ञान घेऊन एका जपानी कंपनीकडं गेला. १९६२ साली ५० सीसीचा जागतिक वर्ग सुरू झाला, तेव्हा पहिलं विजेतेपद त्याच कंपनीनं नेलं. छोट्या इंजिनात पाइपाची ताकद किती, हे तिथंच सिद्ध झालं.

युरोपातला सुट्या पाइपांचा बाजार मात्र वेगळ्या कारणानं फुगला. तिथं ५० सीसीच्या स्कूटरला ताशी ४५ किलोमीटरची मर्यादा. ती पाळायला कंपन्या पाइपाच्या तोंडात बारीक भोकाचा वॉशर बसवत, नाहीतर बेंडाला एक बंद नळी जोडून लाट बिघडवत. असा पाइप काढून दुसरा लावला की गाडी एकदम मोकळी होणारच. आपल्या स्कूटरांना असं कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं. त्यामुळं तिकडचे आकडे वाचून इकडं पाइप लावला, की हाती निराशा येते. तिकडचा निम्मा फायदा अडथळा काढल्याचा असतो, पाइपाचा नव्हे.

आपल्याकडची मालिका वाचकांना पाठ असेल. १९७२ साली चेतक आणि लूना, साताऱ्याहून येणारी प्रिया, १९८४ ची ९८ सीसीची कायनेटिक होंडा, १९९०ची ६० सीसीची सनी, मागोमाग स्कूटी. चेतकच्या पोटाखालचा पेटीसारखा सायलेन्सर आवाज, मायलेज आणि जागा या तिन्हींची तडजोड होती. त्यात टू-टी ऑइलचा कार्बन साचायचा, गाडी ओढेनाशी व्हायची, मग सायलेन्सर उतरवून आतला कार्बन जाळायचा. पिकअप परत यायचा, आणि पाइप म्हणजे नुसता धूर जायचा रस्ता नव्हे, हे फिटरला पुस्तकाशिवाय कळायचं.

कोल्हापुरात हे ज्ञान रुजायला जमीन तयार होती. फाउंड्री आणि ऑइल इंजिनांचं हे शहर. उद्यमनगरात लेथ, रोलिंग आणि गॅस वेल्डिंग एका हाकेच्या अंतरावर. एक्स्पान्शन पाइप, म्हणजे वर सांगितलेला रुंदावून निमुळता होणारा पाइप, करायचा म्हणजे सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यावर कोनाचा (शंकूचा) उलगडा आखायचा, पंख्याच्या आकाराचा तुकडा कापायचा, रोलमधून गुंडाळायचा आणि सांधा जोडायचा. असे तीन-चार कोन एकापुढं एक. सांध्यावर वेल्डिंगचा थेंब आतल्या बाजूला उतरला तर तो कानशीनं काढायचा, कारण लाटेच्या वाटेत प्रत्येक पायरी नडते. ही कारागिरी इथं कुणाला शिकवावी लागली नाही. अडलं ते मापात. डोळ्यासमोर नमुना असायचा तो बहुधा आरएक्स १००चा किंवा कुठल्या तरी रेसिंग मोटारसायकलचा, म्हणजे गिअरच्या गाडीचा.

इथून वादाचं मूळ सुरू होतं.

आधी ढोबळ हिशेब. गरम वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरू. एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या एका फेरीत १६० अंश उघडा राहत असेल आणि पाइप ६,००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) लागू व्हायला हवा असेल, तर पिस्टनपासून मागच्या कोनाच्या मध्यापर्यंतची लांबी साधारण १ मीटर ११ सेंटिमीटर येते. तोच पाइप ८,०००ला हवा असेल तर ८३ सेंटिमीटर. आता व्हेरिएटरची, म्हणजे गिअरऐवजी बेल्टवर चालणारी, गाडी घ्या. पूर्ण थ्रॉटलला वेग वाढत जातो, पण इंजिनचा आरपीएम जवळपास एकाच जागी धरलेला असतो. तो कुठं धरायचा हे ठरवतात व्हेरिएटरमधले रोलर आणि मागची स्प्रिंग. कंपनीनं तो आपल्या शांत सायलेन्सरला जुळेल असा खाली ठेवलेला. अशा गाडीला वरच्या आरपीएमचा आखूड पाइप लावला, तर गाडी त्या पाइपाच्या जागेपर्यंत कधी पोचतच नाही. उलट खालच्या आरपीएमला लाट वेळेच्या आधी परतते, ताजं मिश्रण आत आणणारे ट्रान्सफर पोर्ट अजून उघडे असतानाच, आणि येणाऱ्या मिश्रणाच्या आडवी जाते. गाडी कंपनीच्या सायलेन्सरपेक्षाही मंद वाटते. मग निकाल लागतो: ‘स्कूटरला पाइप चालत नाही.’

त्याच पाइपाला रोलर प्रत्येकी अर्धा-एक ग्रॅमनं हलके करून बघा. आरपीएम वर सरकतो, पाइप आपल्या जागेवर येतो, आणि जोतिबाच्या चढावर डबल सीट तीच गाडी वेगळी वागते. गिअरच्या गाडीत रायडर स्वतः आरपीएम चढवून पाइपाची जागा शोधतो, त्यामुळं मोटारसायकलवाल्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. स्कूटरवाल्यांनी त्यांची पद्धत उचलली: पाइप काढा, दुसरा लावा, पळवून बघा.

विरोधी बाजूचा मुद्दा पोकळ नाही, हे मान्य केलं पाहिजे. ‘भावा, पाइप बदललास का गाडी?’ हा त्यांचा प्रश्न. रोलर हलके केले की कंपनीच्या सायलेन्सरवरही सुरुवातीचा पिकअप सुधारू शकतो. मग सुधारणा पाइपाच्या खात्यावर का मांडायची? शिवाय एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या तर कुठल्या गोष्टीनं काय झालं, हे कुणालाच सांगता येत नाही. ज्याला गाडी उघडायची नाही, नुसता पाइप विकत घेऊन लावायचा आहे, त्याच्या दृष्टीनं जशीच्या तशी केलेली चाचणीच खरी.

तरीही माझ्या लेखी ती चाचणी पाइपाची नाही, ती जुन्या सेटिंगची आहे. कंपनीचे रोलर आणि कंपनीचा जेट कंपनीच्याच सायलेन्सरला जुळवलेले असताना तिथं दुसरा कुठलाही पाइप हरायलाच उभा असतो. न्याय्य पद्धत एकच: प्रत्येक पाइपाला, कंपनीच्या सायलेन्सरलासुद्धा, दोन-तीन वजनांचे रोलर आणि दोन-तीन जेट लावून बघायचे, प्रत्येकाची उत्तम जोडी शोधायची आणि मग त्या उत्तम जोड्या एकमेकींसमोर ठेवायच्या. एका वेळी एकच बदल, आणि लिहून. यात वेळ जातो. गॅरेजला गिऱ्हाईक उभं असताना हे होत नाही, म्हणूनच सोपी पद्धत टिकली.

त्यात आणखी एक खोट राहून जाते. बदलायला काढलेला कंपनीचा सायलेन्सर वीस-पंचवीस वर्षांचा, आतून कार्बननं चोंदलेला असतो. त्याच्यासमोर कुठलाही नवा डबा जिंकतो. सायलेन्सर आधी साफ करा, सहाही रोलर काढून त्यांना सपाट चट्टे पडलेत का बघा, बेल्टची रुंदी मोजा, आणि मग तुलनेला लागा. चट्टा पडलेला रोलर अडकत सरकतो. त्या गाडीवर कुठल्याही पाइपाचा निकाल भरवशाचा नाही. थंड पाइपावरही मोजू नये. थंड वायूत लाट सावकाश जाते, म्हणजे पाइप आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखा वागतो.

चेतक आणि एलएमएलची गोष्ट थोडी निराळी. तिथं व्हेरिएटर नाही, हाताचे चार गिअर. पण तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमधलं अंतर मोठं. आरपीएमच्या चिंचोळ्या पट्ट्यात जोर देणारा पाइप लावला, तर तिसऱ्यात गाडी ओरडत पळते आणि चौथा टाकला की पाइपाच्या पट्ट्याखाली पडते. पन्हाळ्याच्या चढावर हे लगेच कळतं. म्हणून या गाड्यांना लांब पट्ट्याचा, पेटीसारखाच पण आतून मोकळा केलेला पाइप जास्त मानवतो. कमाल आकडा कमी दिसतो, पण रस्त्यावर उपयोगी तोच.

जेटच्या बाबतीत कोल्हापूरचं स्वतःचं एक प्रकरण आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर. इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ, म्हणून इथं मेन जेट थोडा लहान चालतो. तो नेमका बसवून कुणी गगनबावडा ओलांडून करूळ घाटानं खाली मालवणकडं उतरला, की घट्ट हवेत मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडतं. नवा पाइप असला की धोका वाढतो, कारण तो आधीच जास्त हवा ओढत असतो. पिस्टन पकडतो (तापून सिलिंडरमध्ये जाम होतो) तो बहुतेकदा अशाच वेळी, लांब सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल असताना. जानेवारीच्या पहाटेची थंड हवाही तेच करते. खात्री करायची जुनी रीत अजून उत्तम: पूर्ण थ्रॉटलवर चावी बंद करायची, गाडी आपोआप थांबू द्यायची, प्लग काढून बघायचा. तपकिरी असेल तर ठीक. पांढरट दिसला तर जेट मोठा करा, आणि तोवर पळवू नका. पाइपाच्या शेवटची बारीक नळी, स्टिंगर, हीदेखील इथंच नडते. आवाज बसवायला ती अरुंद केली तर उष्णता कोंडते आणि भोक पिस्टनला पडतं.

दरम्यान गाड्यांचंच भवितव्य बदलत होतं. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा पाव ते तिसरा हिस्सा न जळताच बाहेर जाऊ शकतो. दुचाकींसाठी १९९६ची मर्यादा किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड ४.५ ग्रॅम आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड मिळून ३.६ ग्रॅम होती. २००० साली दोन्ही २ ग्रॅमवर आल्या, २००५ला दीडवर. सायलेन्सरच्या आत धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि थोड्याच वर्षांत फोर-स्ट्रोक स्कूटरांनी बाजार घेतला. कन्व्हर्टर असलेल्या गाडीचा सायलेन्सर बदलणं म्हणजे धुराची बाजू उघडी करणं, हे पाइपाच्या उत्साहात बोललं जात नाही. बोललं पाहिजे.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२०वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो. त्यात ‘एक्स्पान्शन चेंबर’ हा शब्द आहे खरा, पण तो आवाज मारणाऱ्या कप्प्यासाठी. त्याच्या आधारानं रेसिंग पाइप वैध ठरत नाही. नव्या गाड्यांसाठी ८० सीसीपर्यंत ७५ आणि त्यापुढं १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल ही कारखान्याच्या चाचणीतली मर्यादा. २०१९च्या जानेवारीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मूळ रचनेबाहेरच्या बदलांवर बोट ठेवलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आणलं. नंतर राज्यातल्या अनेक शहरांत जप्त सायलेन्सरांवर रोड रोलर फिरले. मोठ्या बाइकचे फटाके फोडणारे सायलेन्सर आणि मापानं केलेला, शेवटी बफल (आवाज मारणारा भाग) असलेला स्कूटरचा पाइप यांत त्या रोड रोलरनं फरक केला नाही. पण तसा फरक दाखवता येईल असं मोजमाप पाइपवाल्यांनीही कधी पुढं ठेवलं नव्हतं.

आता मोजमाप सोपं झालंय. फोनच्या जीपीएसवर चढाच्या दोन ठरावीक खुणांमधला वेळ निघतो, स्वस्त आरपीएम मीटर प्लगच्या वायरीला गुंडाळता येतो, सिलिंडर हेडचं तापमान दाखवणारी वायर प्लगच्या वॉशरखाली बसते. पाइप विकताना त्याच्यासोबत जेटचा नंबर, रोलरचं वजन आणि कुठल्या आरपीएमला तपासला हे लिहून देणारेही भेटतात. अडचण उरलीय ती दुसऱ्या टोकाला. तुलनेचा पाया म्हणून लागणारा कंपनीचा नवा कोरा सायलेन्सर बऱ्याच मॉडेलांसाठी मिळत नाही, आणि जुना कितीही साफ केला तरी आतल्या जाळ्या किती शाबूत आहेत, हे तो कापल्याशिवाय दिसत नाही.