बिट निवडताना रंग नको, टोक बघा

ड्रिल बिटांचा संच बघताना नजर आधी जाते ती सोनेरी मुलाम्याकडे. हा मुलामा टायटॅनियम नायट्राइडचा, जाडी जेमतेम काही मायक्रोमीटर. धातूत भोक पाडताना तो धारेची झीज खरोखर कमी करतो. लाकडात मात्र त्याचा फायदा किरकोळ, आणि बिटाला एकदा नव्याने धार लावली की कापणाऱ्या कडेवरून तो निघूनच जातो. लाकडासाठी पाहायचं ते टोक.

कारण लाकूड धातूसारखं सगळ्या दिशांनी सारखं नसतं. ती एका दिशेने धावणाऱ्या तंतूंची घट्ट मोळी असते. फळीत गोल भोक पाडताना धारेचं काम दर पाव फेऱ्याला बदलतं. भोकाची कड जिथे रेषांना समांतर जाते तिथे तंतू नुसते सोडवायचे असतात, जिथे आडवी जाते तिथे तोडायचे. नेहमीच्या पिळाच्या बिटाचं टोक शंकूसारखं, बहुधा ११८ अंशांचं. त्याचा मधला भाग आधी आत शिरतो, बाहेरची कड सगळ्यात शेवटी टेकते. तोवर तंतू मधूनच उचलले गेलेले असतात, म्हणून भोकाच्या तोंडाशी कपच्या निघतात. शिवाय ऐन केंद्राशी फिरण्याचा वेग जवळपास शून्य. तिथली आखूड आडवी कड लाकूड कापत नाही, नुसती रेटते, आणि सुरुवातीलाच टोक खुणेवरून सरकतं.

ब्रॅड पॉइंट बिट या दोन्ही अडचणींवर उत्तर आहे. मधली अणी खुणेत रुतते; काठावरच्या दोन नख्या आधी गोल चीर पाडून तंतू तोडतात, मग मागून येणारी धार आतलं लाकूड सोलून काढते. हे बिट हातात घेऊन टोकाकडून बघा. दोन्ही नख्या सारख्या उंचीच्या हव्यात, धारेच्या थोड्या पुढे आलेल्या हव्यात, आणि अणी बरोबर मध्यावर. काही स्वस्त बिटांत नख्या नावापुरत्याच असतात, धारेच्या पुढे येतच नाहीत. ती घेण्यापेक्षा साधं पिळाचं बिट परवडलं. मग बिट काचेवर लोळवा. वाकडं असेल तर डुलतं.

मोठ्या, सपाट तळाच्या भोकांसाठी फॉर्स्टनर बिट. बंदुकांचं काम करणाऱ्या बेंजामिन फॉर्स्टनर यांनी १८७४ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. हे बिट अणीपेक्षा बाहेरच्या कड्याच्या आधाराने चालतं, त्यामुळे फळीच्या काठावर अर्धं भोकही पाडता येतं. कपाटाच्या बिजागरीची ३५ मिलिमीटरची वाटी बसवायला हेच लागतं.

मोठं बिट हळू फिरवायचं, ही सूचना सर्रास धुडकावली जाते. मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर १० मिलिमीटरच्या बिटाची कड मिनिटात सुमारे ४७ मीटर धावते, ३५ मिलिमीटरची जवळजवळ १६५ मीटर. लाकूड उष्णता नीट वाहून नेत नाही, त्यामुळे घर्षणाची बरीचशी उष्णता बिटातच साठते. साध्या कार्बन पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे उतरू लागतं. हायस्पीड स्टील, म्हणजे वेगाने कापण्यासाठीचं मिश्र पोलाद, सहाशेच्या आसपासपर्यंत तग धरतं. बिटाच्या पिळातल्या चरांमधून ढलप्या बाहेर पडत असतील तर काम ठीक चाललं आहे. बारीक पीठ आणि जळका वास येऊ लागला तर धार गेली आहे किंवा चर तुंबले आहेत. बिट बाहेर काढून चर साफ करावेत.

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले तक्ते) आणि प्लायवुडमधलं रेझिन, तसंच सागवानातली सिलिका धार झपाट्याने खातात. तिथे टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या टोकाचे जादा पैसे वसूल होतात. एरवी हायस्पीड स्टील पुरतं.

धार लावताना नख्या आतल्या बाजूनेच घासाव्यात. बाहेरून घासल्या तर त्यांनी पाडलेली चीर बिटाच्या अंगापेक्षा लहान होते, आणि बिट भोकात अडकतं.